दुधात मिठाचा खडा

ऑगस्ट २०१६. गोवा एक्सप्रेसमधून आम्ही सात जण कॅसलरॉकला उतरलो तेव्हा पहाटेचे साडेतीन वाजले असतील. सगळे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. पाऊस आडवातिडवा, कुणाच्या तरी बॅगेत छत्री होती ती त्याने काढलीसुद्धा नाही. बेत साधा होता. रुळांवरून चौदा किलोमीटर घाट उतरायचा, दूधसागर बघायचा, फोटो काढायचे, पुढे अकरा किलोमीटर चालून कुळे गाठायचं आणि रात्रीच्या गाडीने पुण्याला परत. आमच्या आधी कॉलेजच्या चार-पाच बॅचेस हेच करून आल्या होत्या. हॉस्टेलच्या निम्म्या डीपींच्या मागे तो पांढरा धबधबा आणि दगडी कमानींचा रेल्वेपूल होता.

वाटेत कुठल्या गाड्या लागतील याची यादी माझ्याकडे होती. ॲपवरून सगळ्या एक्सप्रेसच्या वेळा काढून मी शीट बनवली होती. लाल रकान्यात बाजूला उभं राहायचं, हिरव्या रकान्यात चालायचं. पुढे याच कामाचा पगार मिळणार होता, त्यामुळे त्या शीटचा मला तेव्हा फार अभिमान होता.

शीटमध्ये नसलेली गाडी आम्हाला चौथ्या की पाचव्या बोगद्यात भेटली. हिरवा रकाना चालू होता. मागून उजेड आला तेव्हा आधी वाटलं, आपल्यातल्याच कुणीतरी मोठी टॉर्च लावली. मग भिंती थरथरायला लागल्या. बोगद्याच्या भिंतीत ठराविक अंतरावर माणूस मावेल एवढे कोनाडे असतात. एका कोनाड्यात आम्ही तिघे कोंबलो. बाकीचे भिंतीला पाठ लावून चिकटले. माझा रूममेट खडीत घसरून गुडघ्यावर पडला होता, त्याला कुणीतरी बॅगेच्या पट्ट्याने खेचलं. मागे एकही डबा नसलेली, एकमेकांना जोडलेली दोन इंजिनं आमच्या नाकासमोरून गेली. डिझेलचा गरम श्वास तोंडावर आला. त्यानंतर बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

बोगद्याबाहेर एक ट्रॅकमन उभा होता. अंगावर रेनकोट, हातात दिवा, खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा. त्याने आधी रूममेटचा गुडघा बघितला, मग आम्हाला.

“घरात सांगून आलाय काय रे?”

“काका, आत्ता कुठलीच गाडी नव्हती हो. बघून निघालो होतो आम्ही.”

“गाडी नव्हे ती. इंजिन. इंजिनाला टाइमटेबल नसतंय.” मग थोडं थांबून, आवाज जरा खाली आणून म्हणाला, “ही वाट नव्हे रे पोरांनो. हा रूळ हाय.”

दूधसागर आम्ही पाहिला. फोटोही काढले. पण त्या काकांचं वाक्य डोक्यातून गेलं नाही. कालांतराने नोकरी लागली, विकेंडला वाचायला वेळ मिळू लागला, तेव्हा मी एवढंच शोधायला लागलो: ही वाट नव्हे, तर मग आहे काय? ती कुणी, कुणासाठी बांधली? आणि आम्ही तिच्यावर कसे आलो?

उत्तर मिठापासून सुरू होतं.

कोकणपट्टी आणि गोव्यातलं मीठ शतकानुशतकं बैलांच्या पाठीवरून घाट चढून देशावर जायचं आणि उतरताना त्याच बैलांवर धान्य यायचं. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हिंदुस्थानात मिठावर जबर कर बसवला. आता गोव्याचं स्वस्त मीठ सीमा ओलांडून येणं म्हणजे इंग्रजी तिजोरीला भोक. दुसऱ्या बाजूला पोर्तुगीजांकडे मुरगावसारखं उत्तम नैसर्गिक बंदर होतं, पण खजिन्यात पैसे नव्हते आणि बंदरामागे सह्याद्रीची भिंत होती. दोघांच्या अडचणी एकमेकांत नेमक्या बसल्या. २६ डिसेंबर १८७८ला करार झाला. गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यात जकातीची सीमा उरली नाही. गोव्यातल्या मीठ-उत्पादनावरचं नियंत्रण इंग्रजांकडे गेलं. बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल चार लाख रुपये मिळायचे ठरले, आणि मुरगावपासून घाट चढून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे बांधायचा मार्ग मोकळा झाला.

करार १८८०मध्ये अमलात आला. मुदत बारा वर्षांची. खाडीकाठी पिढ्यानपिढ्या मीठ पिकवणाऱ्यांच्या आगरांवर आता परक्या खात्याचे शिपाई नजर ठेवू लागले. कित्येक आगरं बंद पडली. १८९२मध्ये करार संपला, पुन्हा वाढवला गेला नाही. राहिली ती रेल्वे.

मराठीत एखाद्या चांगल्या गोष्टीत मिठाचा खडा पडला म्हणतात. दूधसागरच्या बाबतीत तो वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. दुधाच्या या सागरासमोरून जाणारा रूळ मिठाच्या सौद्यातून आला.

बांधणारी कंपनी लंडनची, नाव मात्र ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’. व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची. घाटाला नाव मिळालं पोर्तुगालच्या राजघराण्याचं, ब्रागांझा. १८८८पर्यंत मीटरगेज रूळ कॅसलरॉकला पोचले आणि तिथे त्यांना वरून आलेली सदर्न मराठा रेल्वे मिळाली. कुळे ते कॅसलरॉक हे अंतर जेमतेम सव्वीस किलोमीटर, पण तेवढ्यात गाडी साधारण अर्धा किलोमीटर उंची चढते. चढ सदतिसाला एक. म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. आपला खंडाळ्याचा घाटही एवढाच. पायी चालताना हा चढ जाणवतही नाही. हजारो टनांच्या मालगाडीला मात्र तो जीवघेणा असतो. म्हणून गाडीला मागून रेटायला जादा इंजिनं लावतात. त्यांना बँकर म्हणतात. गाडी वर पोचली की बँकर सुटतात आणि पुढच्या गाडीसाठी रिकामे खाली येतात. प्रवाशांच्या ॲपवर ते दिसायचं काही कारणच नाही, कारण त्यात कुणी बसत नाही. आमच्या बोगद्यात आलेली ती दोन इंजिनं हीच. माझ्या शीटमध्ये एकही चूक नव्हती. ती प्रवाशांसाठीच्या माहितीवरून बनवलेली होती आणि आम्ही तेव्हा प्रवासी नव्हतो.

अशा घाटांत आणखी एक सोय ठेवतात. उतारावर गाडीचा ब्रेक निकामी झाला तर तिला चढावर वळवून थांबवायला बाजूला फाटा काढलेला असतो. म्हणजे इंजिनिअरांनी गाडी बिघडण्याचाही विचार केला होता. चालणाऱ्या माणसासाठी होता फक्त तो कोनाडा. आणि तोही रूळ तपासणाऱ्या गँगसाठी. सहलीला आलेली सात पोरं हा केस त्यांच्या डिझाइनमध्ये नव्हताच.

मजा म्हणजे धबधबा हाही त्यांच्या डिझाइनमध्ये नव्हता. तिथे पूल आहे तो देखाव्यासाठी नाही. दरीला वळसा घालायचा तर पाणी ओलांडावं लागणार होतं, एवढंच. सुमारे ३१० मीटर उंचीवरून चार टप्प्यांत कोसळणारं पाणी, आणि त्याच्या मधोमध कंबरपट्ट्यासारखा रूळ. इथलं पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळतं. इथली जी दंतकथा सांगतात तीसुद्धा नजरेचीच आहे. राजकन्या वरच्या तळ्यात स्नान करून सोन्याच्या घड्यातलं दूध पीत होती, झाडाआडून एक राजपुत्र बघत होता, आणि तिने लाज झाकायला दूध ओतलं. बघणाऱ्याने आपण कुठे उभे आहोत याचं भान ठेवावं, असं मला त्या गोष्टीत आता ऐकू येतं. विशीत नुसतं रोमँटिक वाटायचं.

रेल्वे फायद्यात कधी आली नाही. अपेक्षेएवढा माल मुरगावकडे वळलाच नाही. पण माणसं वळली. मुंबईत नोकरीला, बोटीवर, घरकामाला, बँडमध्ये वाजवायला निघालेले असंख्य गोंयकार याच घाटाने वर गेले. कुळेला पोर्तुगीज तपासणी, कॅसलरॉकला इंग्रजांची. दोन साम्राज्यांच्या मधल्या त्या सव्वीस किलोमीटरमध्ये खिडकीबाहेर दूधसागर. तो बघायला म्हणून त्या गाडीत कोण बसलं असेल? पण बघितला सगळ्यांनीच असणार.

याच रुळांवरून पायी चालत गेलेली आणखी काही माणसं होती, आणि त्यांच्याबद्दल वाचल्यावर मला आमच्या ट्रेकची खरोखर लाज वाटली. १९५५ साली गोवा मुक्तीसाठी सत्याग्रह सुरू झाला. मे महिन्यातल्या पहिल्या मोठ्या तुकडीचं नेतृत्व पुण्याच्या नानासाहेब गोऱ्यांकडे होतं, सोबत पंचाहत्तरीच्या घरातले सेनापती बापट होते. १५ ऑगस्टला हजारो निःशस्त्र सत्याग्रही ठिकठिकाणांहून सीमेत शिरले. त्यांतले काही कॅसलरॉकच्या बाजूने, या रेल्वेमार्गाने. त्या दिवशी गोव्याच्या सीमांवर पोर्तुगीजांच्या गोळीबारात वीसहून अधिक माणसं मेली. त्यानंतर भारताने सीमा बंद केली आणि घाटातली रेल्वे तुटली. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाल्यावरच हे दोन तुकडे पुन्हा जोडले गेले. ऑगस्टच्या पावसात, अंधारात, तेच अंतर आम्ही चिवडा खात चाललो होतो. आमच्यातल्या कुणालाही यातलं काही ठाऊक नव्हतं.

मुक्तीनंतर या जंगलाकडे सरकारचं लक्ष गेलं. १९६९मध्ये मोलेचं अभयारण्य झालं, त्याला भगवान महावीरांचं नाव मिळालं. १९७८मध्ये त्यातला १०७ चौरस किलोमीटरचा गाभा मोले राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाला. म्हणजे राष्ट्रीय उद्यान जन्माला आलं तेव्हा त्याच्या पोटातून रेल्वे जाऊन नव्वद वर्षं झाली होती. सुरक्षेच्या नियमांचा सगळा गोंधळ इथून सुरू होतो. जंगल वनखात्याचं, रूळ रेल्वेचा, वरचा डोंगर कर्नाटकात, खालची दरी गोव्यात. धबधबा नेमका या सगळ्यांच्या सांध्यावर.

नव्वदच्या दशकात रूळ ब्रॉडगेज झाले. गाड्या जड झाल्या, इंजिनं मोठी झाली. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा याच घाटाने कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे चढतो. मग २०१३मध्ये ‘चेन्नई एक्सप्रेस’ आला. धबधब्यासमोर थांबलेली गाडी कोट्यवधी लोकांनी पडद्यावर पाहिली, आणि लवकरच प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला. ज्या घाटात एकेकाळी तुरळक हौशी ट्रेकर जायचे, तिथे पावसाळी रविवारी शेकडोंच्या झुंडी जायला लागल्या.

जुलै २०२३मधला तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल. रुळांवर ओळीने उभे केलेले ट्रेकर कान धरून उठाबशा काढताहेत. त्या महिन्यात गोव्यातल्याच नेत्रावळीच्या एका धबधब्यावर दोघे बुडाले होते आणि अभयारण्यांतले धबधबे पर्यटकांना बंद केले गेले होते. तरीही रविवारी दूधसागरला गर्दी झाली. मला उठाबशा आवडल्या नाहीत. कायदा आहे तर कायद्याने वागा: १९८९च्या रेल्वे कायद्याचं १४७वं कलम विनापरवाना रुळांवर जाण्याला दंड आणि कैद दोन्ही सांगतं. शाळेतल्यासारखी शिक्षा केली की मुलं शाळेतल्यासारखीच वागतात, पाठ वळली की परत तेच. पण नियम बरोबर आहे, आणि त्याच सुमारास रेल्वेने केलेलं आवाहन तर फारच बरोबर होतं: दूधसागर बघायचाय ना, मग डब्यात बसून बघा. १८८८पासून हीच तर पद्धत होती.

कारण पावसाळ्यात त्या रुळांवर नेमकं होतं काय ते एकदा नीट बघा. धबधब्याच्या आवाजात मागून येणारं इंजिन ऐकू येत नाही. वळणामुळे दिसत नाही. बोगद्यात उभं राहायला जागा नाही आणि पुलावर बाजूला व्हायला जागा नाही. ओल्या स्लीपरवर पाय घसरतो, खडीवर मुरगळतो. आणि मुरगळला तर तिथून बाहेर काढायला रेल्वेशिवाय दुसरं वाहन पोचत नाही. रूममेटच्या गुडघ्याला टाके पडले ते संध्याकाळी, बारा-तेरा तासांनी. त्या दिवशी आमचं नशीब गुडघ्यावर भागलं.

जंगलातून खालून जायची वाट आहे, ती सरकारमान्य आहे. कुळेहून जीप मिळते. जानेवारी २०२३मध्ये मी आई-बाबांना घेऊन त्या वाटेने गेलो. सकाळी लवकर पोचून नंबर लावायचा, लाइफ जॅकेट घ्यायचं, मग दहा-बारा किलोमीटर लाल धूळ. जीप मध्ये ओढे ओलांडते, चाकं निम्मी पाण्यात. म्हणूनच ही वाट पावसाळ्यात बंद असते आणि साधारण ऑक्टोबरात उघडते. शेवटचा टप्पा पायी, दगडधोंड्यांतून. माकडं प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज ओळखतात, आईची केळी गेली. डोहाशी पोचल्यावर आईने पहिली गोष्ट कुठली केली असेल तर जॅकेट काढायला सुरुवात. घाम आला होता, शिवाय फोटोत चांगलं दिसत नाही म्हणे. तिथल्या जीवरक्षकाने लांबूनच सांगितलं, “मावशी, ते राहू दे अंगावर. पाण्यात नसलात तरी.”

पाण्यात नसलात तरी का, हे मला आधी कळलं नव्हतं. नंतर १४ ऑक्टोबर २०२२ची बातमी वाचली. हंगाम नुकताच उघडला होता. वर जोरदार पाऊस झाला, पाणी एकदम चढलं, आणि धबधब्याकडच्या वाटेवरचा एक केबल पूल वाहून गेला. चाळीसहून अधिक पर्यटक पलीकडे अडकले. त्यांना जीवरक्षकांनी सुखरूप बाहेर काढलं. दूधसागरचं पाणी जिथे गोळा होतं ते डोंगर वर, घाटमाथ्यावर आहेत. खाली दरीत बसून तुम्हाला तिथलं आभाळ दिसत नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असताना वर ढग रिकामा होऊ शकतो, आणि ते पाणी ३१० मीटर खाली यायला फार वेळ घेत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, त्यात पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, किंवा आवाज बदलला, की बॅग आणि चपला सोडून काठावर उंच चढायचं. प्रवाह ओलांडून आपल्या सामानाकडे जायचं नाही. चढून थांबायचं. धबधब्याच्या थेट खाली तर पोहायला येत असलं तरी जायचं नाही. कोसळणारं पाणी माणसाला खाली दाबतं आणि फेसात हात मारायला पाणी सापडत नाही. आणि शेवाळलेल्या दगडावर उभं राहून सेल्फी… हे सांगायला नको, पण सांगतो, कारण त्या दिवशी मी तासाभरात तिघांना घसरताना पाहिलं. त्यांतले एक माझे बाबा.

या सगळ्यात एक प्रश्न उरतोच. घाटातला एकेरी रूळ दुहेरी करायचा प्रस्ताव आला तेव्हा २०२०मध्ये गोव्यात ‘आमचें मोलें’ म्हणून तरुण मुलं रस्त्यावर आली. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुहेरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी रद्द केली. त्या वादात मी कोणत्या बाजूला आहे हे लपवत नाही: त्या जंगलाचे आणखी तुकडे होऊ नयेत. पण आंदोलनाला लाइक देणाऱ्या माझ्याच ओळखीच्या दोघांनी पुढच्या पावसाळ्यात रुळांवरून ट्रेक केला. कोळसा नको, आम्ही चालू, असं काहीसं. त्यांच्याशी भांडलो. माझी २०१६ची शीट त्यांना दाखवली. त्यांनी ती मागून घेतली, अपडेट करायला.

गेल्या जुलैत मी दिवसा घाट उतरणाऱ्या गाडीत लोंढ्याला बसलो. कॅसलरॉकला गाडी बराच वेळ थांबली, इंजिनांची जोडाजोड चालू होती. मग बोगदे सुरू झाले. प्रत्येक बोगद्यात डब्यातली पोरं ओरडायची, प्रत्येक उजेडात पाऊस आत यायचा. दूधसागर जवळ येतोय हे कळलं ते सगळा डबा एका बाजूला कलल्यासारखा वाटला म्हणून. दारात एक मुलगा दांडा धरून बाहेर लोंबकळत होता. एका आज्जींनी त्याचा टी-शर्ट मागून मुठीत धरून ठेवला होता, ओळख ना पाळख. त्याला ते शेवटपर्यंत कळलं नाही.

आणि मग ते आलं. पांढरं, एवढं जवळ की तुषार चष्म्यावर. मिनिटभर असेल. २०१६ला आम्ही पुलावर अर्धा तास उभे होतो, पण तेव्हा निम्मं लक्ष मागच्या वळणाकडे होतं. त्यामुळे धबधबा नीट पाहिला तो या वेळी पहिल्यांदा, असं म्हणायला हरकत नाही.

पुढचा बोगदा सुरू होताना खिडकीच्या उजेडात भिंतीतला कोनाडा क्षणभर दिसला. आत रेनकोट घातलेला एक माणूस उभा होता, पाठ भिंतीला, हातातला दिवा खाली. डबे मोजत असावा.